दमास्कसचे साडेचार महिने

८ मार्च १९२० रोजी दमास्कसमध्ये सीरियन काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर केले आणि अमीर फैसलला राजा केले. २५ जुलैला फ्रेंच फौजा त्या शहरात शिरल्या. मधल्या काळात काँग्रेसने राज्यघटनेचा मसुदा लिहायला घेतला होता. स्त्रियांना मताधिकार द्यावा का, यावर तिथे कडाक्याचा वादही झडला. अरबांना राज्य करायला शिकवू निघालेल्या फ्रान्सने स्वतःच्या स्त्रियांना हा अधिकार दिला तो १९४४ साली.

मूळ दगाफटका ब्रिटनचा. फैसलचे वडील शरीफ हुसेन यांना अरब राज्याची आशा दाखवून ब्रिटनने तुर्कांविरुद्ध उठवले आणि १९१६च्या साइक्स-पिको करारात तोच मुलूख फ्रान्सबरोबर वाटून घेतला. १९१८ला तुर्कांना रेटत उत्तरेकडे गेलेल्या ब्रिटिश सैन्यात पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्सचे स्वारही होते. एप्रिल १९२०च्या सान रेमो परिषदेत सीरियाचे ‘पालकत्व’ फ्रान्सच्या पदरात पडले.

१४ जुलैला बैरुतहून फ्रेंच जनरल गुरोचा निर्वाणीचा खलिता आला: पालकत्व माना, फ्रेंच नोटा चालवा, रेल्वे आमच्या हवाली करा, सैन्यभरती थांबवा. फैसलने मान तुकवली. सैन्य मोडायला सुरुवात झाली, तेव्हा दमास्कसमध्ये लोक खवळून रस्त्यावर उतरले. पण होकाराची तार उशिरा पोहोचल्याचे निमित्त करून गुरोने फौज पुढे काढलीच.

युद्धमंत्री युसुफ अल-अझमा याच्या हाताशी उरलेसुरले शिपाई आणि जुन्या बंदुका घेतलेले स्वयंसेवक होते. समोर रणगाडे, विमाने आणि सुमारे ९ हजारांची फौज. तिच्यात सेनेगल, अल्जीरिया, मोरोक्कोचे, म्हणजे फ्रान्सनेच गुलामीत ठेवलेल्या देशांचे शिपाई. २४ जुलैच्या सकाळी मैसलूनच्या खिंडीत लढाई काही तासांत आटोपली. अझमा तिथेच पडला. जिंकण्याची आशा त्यालाही नव्हती. राजधानी न लढता दिली असे कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी तो गेला होता.

फैसलला देश सोडावा लागला. वर्षभराने ब्रिटिशांनी त्याला बगदादच्या गादीवर बसवले. फ्रेंचांशी जुळवून घेणारा पंतप्रधान महिन्याभरातच हौरान भागात मारला गेला. पुढे सीरियाचे तुकडे पाडण्यात आले आणि १९२५च्या उठावात दमास्कसवर तोफा डागल्या गेल्या. फ्रेंच सैन्य हलले ते एप्रिल १९४६मध्ये. तार वेळेत पोहोचली असती, तरी गुरोला दुसरे निमित्त सापडलेच असते.