भाद्रपदातला रंधा : खिडक्यांच्या सामानाविषयीचे काही गैरसमज

गणेशचतुर्थी आठ-दहा दिवसांवर आली की नागोठण्यापासून पेणपर्यंत आणि तिकडे रोह्याच्या बाजूला खेडोपाडी एकच धांदल उडते. मुंबई-ठाण्याहून आलेली मंडळी कुलपे काढतात, कोळिष्टके झाडतात, भिंतींवर रंगाचा हात फिरवतात, आणि जूनच्या पहिल्या सरीपासून मिटलेल्या खिडक्यांपाशी येऊन अडतात. झडप हलता हलत नाही, जोर लावावा तर कडीच हातात येते, आणि देव बसण्यापूर्वी घर मोकळे झाले पाहिजे या घाईत सुताराला निरोप जातो. सुतार येतो, काठावरून रंध्याचे चार हात मारतो, झडप मुकाट्याने फिरू लागते, आणि यजमान समाधानाने चहा मागवतात. पुढे माघ-फाल्गुनात त्याच झडपेच्या आणि चौकटीच्या मधून सुतळी ओवता येईल एवढी फट पडते, कडी कोयंड्यात बसेनाशी होते, आणि दोष मात्र ‘हल्लीच्या मालाला’ दिला जातो.

खिडकीच्या सामानाविषयी जे समज आपल्याकडे वहिवाटीने चालत आले आहेत, त्यांतले पुष्कळसे अशाच अवेळी दिलेल्या निवाड्यांतून निघालेले आहेत. जी वस्तू डोळ्यांसमोर असते तिच्यावर आरोप ठेवायचा, आणि स्क्रूचे भोक, पाणी साचण्याची जागा व चालू ऋतू यांची साधी चौकशीही करायची नाही, असा हा न्याय आहे.

पावसाळ्यात लाकूड फुगते हे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु ते कोणत्या दिशेने फुगते याचा विचार क्वचितच होतो. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, होणारा फरक नगण्य असतो. जो काही होतो तो रुंदीत. साग हे या बाबतीत शहाणे लाकूड म्हणून प्रसिद्ध आहे, तरीही दहा-बारा इंच रुंदीच्या सागवानी फळीत उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटरांचे अंतर सहज पडते, आणि नीट न मुरवलेल्या हलक्या लाकडात त्याहून अधिक. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहूनही जास्त, पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे भाद्रपदात सुतार ज्या झडपेवर रंधा चालवतो ती वर्षातल्या आपल्या सर्वांत मोठ्या मापाची असते. त्या मापावरून काढलेला छिलका पुन्हा उगवत नाही. शिवाय रंध्याने उघडा पडलेला काठ रंगावाचून राहिला, आणि घाईत तो बहुधा राहतोच, तर पुढच्या वर्षी तो अधिक पाणी पितो.

तेव्हा रंध्याला हात घालण्यापूर्वी घासल्याची खूण कोठे पडली आहे ते पाहावे. संपूर्ण काठ वरपासून खालपर्यंत सारखा घासत असेल तर लाकूड फुगले आहे. त्या काठावर कोरडा साबण किंवा मेणबत्ती घासून सण निभावून न्यावा आणि बाकीचे काम मार्गशीर्षावर टाकावे. परंतु कडीच्या बाजूचा खालचा कोपरा तेवढा चौकटीच्या तळाला टेकत असेल, तर लाकडाचा अपराध नाही, वरची बिजागरी सुटत आली आहे. याची खातरजमा करणे सोपे आहे : झडप अर्धी उघडावी, मोकळ्या कोपऱ्याखाली हात घालून ती किंचित उचलावी, आणि दुसऱ्या हाताचे बोट वरच्या बिजागरीवर ठेवावे. पाते लाकडापासून हलताना बोटाला कळते.

येथे दुसरा समज पुढे येतो. स्क्रू ढिला झाला, तर त्याहून जाड स्क्रू पिळावा, म्हणजे काम झाले! जाड स्क्रूचे डोके बिजागरीच्या पात्यावरील खोलगट घरात पूर्ण बसत नाही, थोडे वर राहते. खिडकी मिटताना समोरचे पाते त्या डोक्यावर टेकते, आणि मग झडप मिटवण्यासाठी आपण जो जोर लावतो तो तरफेच्या न्यायाने त्याच स्क्रूंना बाहेर ओढू लागतो. दुरुस्तीच मोडतोड करते, ती अशी. मूळ दोष स्क्रूत नसून भोकात असतो : तेथील लाकडाचे तंतू तुटलेले, भिजून भुसभुशीत झालेले असतात, आणि मळसूत्राला धरायला काही उरलेले नसते. म्हणून उपचार भोकावर करावा. जुना स्क्रू काढून गिरमिटाने आतला कुजका भुसा साफ करावा, भोक कोरडे होऊ द्यावे, सागाची किंवा बांबूची खुंटी तासून, पाण्याला दाद न देणारा सुतारी डिंक लावून ती घट्ट ठोकावी, रात्रभर तशीच ठेवावी, दुसऱ्या दिवशी पटाशीने वरचे टोक सपाट करावे, आणि बारीक भोक पाडून त्याच जाडीचा, पण थोडा अधिक लांब स्क्रू बसवावा, म्हणजे त्याचे टोक खुंटी ओलांडून अस्पर्श लाकडात शिरते. या कामाला पैसे थोडे आणि सबुरी पुष्कळ लागते. त्यामुळे रोजंदारीवरचा कारागीर ते आपण होऊन सुचवील अशी अपेक्षा ठेवू नये.

काढलेला स्क्रू मात्र फेकण्यापूर्वी उजेडात धरून पाहण्यासारखा असतो. डोके शाबूत, टोक शाबूत, आणि मान, म्हणजे बिजागरीचे पाते व लाकूड यांच्या सांध्याशी येणारा भाग, खिळ्याच्या अणीएवढी झिजलेली. पाणी आणि हवा ज्या ठिकाणी एकत्र टिकून राहतात तेथेच गंज सर्वाधिक खातो. जुन्या घरांतून पितळी बिजागऱ्या असतात. त्यांचा एखादा पितळी स्क्रू हरवला की घरात सापडेल तो लोखंडी लावण्याची पद्धत आहे, आणि ‘पितळेला गंज चढत नाही’ या भरवशावर लोक स्वस्थ राहतात. वस्तुस्थिती अशी की ओलाव्यात दोन भिन्न धातू परस्परांना टेकले की त्यांतला हीन धातू वेगाने झिजतो. मोठ्या पितळी पात्याच्या सहवासात लहानशा लोखंडी स्क्रूचा निकाल, एरवी लागला असता त्याहून पुष्कळ लवकर लागतो. पितळेला पितळ द्यावे.

या गंजाची सगळी जबाबदारी ‘खाऱ्या वाऱ्यावर’ टाकण्याची प्रथा आहे. अलिबाग, रेवदंडा, श्रीवर्धन येथील समुद्रकाठच्या घरांपुरती ती वाजवी आहे. परंतु हवेतील मीठ मुख्यतः फुटणाऱ्या लाटांच्या तुषारांतून येते, आणि किनाऱ्यापासून पहिल्या काही किलोमीटरांतच त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते. नागोठण्याच्या अंबा नदीत भरतीचे पाणी येते खरे, पण खाडीच्या शांत पाण्याला लाटांचा उधाणलेला फेस नसतो. इथला खरा आरोपी आर्द्रता : हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढतो, आणि कोकणात आषाढ-श्रावणात ती बहुतेक काळ ८० टक्क्यांच्याही वर असते. त्यातून अंबेचे पुराचे पाणी बाजारपेठेत शिरण्याचा प्रसंग नागोठण्याला नवा नाही. ते ओसरल्यावर भिंती धुतल्या जातात, पण खालच्या बिजागरीत आणि उंबऱ्यातल्या कडीच्या भोकात बसलेला गाळ तसाच राहून महिनोन्‌महिने ओलावा धरून ठेवतो. गंजावर तसाच रंग फासल्याने तो दडतो, थांबत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो आतून रंगाचा पापुद्रा उचलून बाहेर येतोच. तारेचा ब्रश, काचकागद, मग रेड ऑक्साइडचा थर, आणि हे सर्व कोरड्या दिवसांत, असा क्रम आहे.

तेलाविषयी थोडक्यात. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, कालांतराने चिकट होते आणि धूळ धरते. रॉकेल उडून जाते. डब्ल्यूडी-४० नावाचा जो फवारा आता हार्डवेअरच्या प्रत्येक दुकानात दिसतो, तो १९५३ साली अमेरिकेतील सान दिएगो येथे धातूवरचे पाणी हटवण्यासाठी सिद्ध झाला. अडकलेली खीळ सोडवण्यास तो उत्तम, पण कायमचे वंगण म्हणून त्याची नेमणूक करणे चूक. बिजागरीच्या खिळीला शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

नवे सामान घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो : चिकटले नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस. ही परीक्षा अर्धवट आहे. सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले ३०४ क्रमांकाचे पोलाद चुंबकाला बहुधा दाद देत नाही हे खरे. पण निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले स्वस्त २०२ क्रमांकाचे पोलादही देत नाही, आणि ओल्या हवेत डाग पडण्याची प्रवृत्ती त्यात अधिक. उलट अस्सल ३०४ ची वस्तू थंड अवस्थेत ठोकून वाकवली असेल, तर तिला चुंबक हलकेच ओढतो. तेव्हा पावतीवर क्रमांक लिहून घ्यावा. बिजागरी किंवा सरकत्या खिडकीचा रोलर बदलायचा असेल तर जुना नग काढून दुकानात नेणे हा सर्वांत बिनचूक दस्तऐवज. मोबाइलवरच्या छायाचित्राने माप कळत नाही.

गेल्या काही दशकांत लाकडाची जागा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी घेतली, आणि ‘याला काही करावे लागत नाही’ हा समज त्यांच्याबरोबरच घरात आला. ॲल्युमिनियमवर लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण ओल्या सिमेंटचा आणि चुन्याचा क्षार त्याला खातो. खिडकी जड सरकू लागली की लोक पट्टीत तेल ओततात. त्यात रेती आणि धूळ कालवली जाऊन तयार होणारा लेप रोलरची चाके घासून काढतो. पट्टी कोरड्या ब्रशाने आणि फडक्याने साफ करावी, चाक झिजले असेल तर चाकच बदलावे. त्यासाठी संपूर्ण खिडकी मोडीत काढण्याची तजवीज करणाऱ्या ठेकेदाराला नम्रपणे निरोप द्यावा.

सर्वांत घातक गैरसमज मात्र खालच्या पट्टीच्या बाहेरील अंगाला असलेल्या बारीक भोकांविषयीचा. त्यांतून मुंग्या येतात किंवा पाणी झिरपते असे वाटून पुष्कळ घरांत ती सिलिकॉनने बुजवलेली आढळतात. सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी येणे हा तिचा दोष नव्हे, ते गृहीतच धरलेले असते. आलेले पाणी बाहेर काढून देण्याकरिताच ती भोके ठेवलेली असतात. ती बुजली की पट्टी भरते आणि पाणी आतल्या कठड्यावरून भिंतीत उतरते. मग भिंतीच्या ओलीवर उपाय म्हणून आणखी सिलिकॉन आणले जाते. मे महिन्यात एक तार घेऊन ही भोके मोकळी करावीत आणि पट्टीत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही ते पाहावे.

वादळाच्या वेळी एक खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे आतला-बाहेरचा दाब समान होऊन छप्पर वाचते, हा सल्ला ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले तेव्हा अनेकांना आठवला असेल. तो सल्ला चुकीचा आहे. उघड्या खिडकीतून शिरलेला वारा छपराला आतून वर ढकलतो, आणि बाहेरून छपरावर पडणारी ओढ त्यात मिळते. म्हणून सर्व खिडक्या बंद असणेच हिताचे. ताशी ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५७ किलो भरतो, म्हणजे दोन फूट रुंद आणि चार फूट उंच अशा झडपेवर ४० किलोंहून अधिक. बाहेर उघडणाऱ्या झडपा समोरच्या वाऱ्याने उलट घट्ट मिटतात. धोका असतो तो वारा न लागणाऱ्या, आडोशाच्या वाटणाऱ्या बाजूंना, कारण तेथे हवा झडपेला बाहेर ओढते, आणि त्या वेळी सगळा भार बिजागरीचे स्क्रू आणि वरखालच्या दोन कड्या यांच्यावर येतो. खालची कडी ज्या भोकात उतरते ते बहुतेक घरांत केर, जुना रंग आणि पुराचा गाळ यांनी इतके भरलेले असते की कडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत जाते. वरून पाहणाऱ्याला ती लागलेलीच दिसते. ते भोक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उकरून कडी पूर्ण खाली उतरेल असे करणे हे काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे.