दुधाचे पितळी पातेले आणि तान्ह्याचे यकृत

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात पितळेची लखलखती भांडी पाहून पाय आपोआप थबकतात. स्टीलपुढे मागे पडलेल्या पितळेची हौस आता पुन्हा परतली आहे आणि राजस्थान पाहायला गेलेल्या मराठी गृहिणीच्या सामानातून एखादे पातेले घरी येतेच. यायला हरकतही नाही. मात्र घरात तान्हे मूल असेल आणि त्याचे दूध त्याच पातेल्यात तापवायचा बेत असेल, तर पुण्यातली एक जुनी हकिगत आधी माहीत असलेली बरी.

पूर्वी आपल्याकडे लहान मुलांना होणाऱ्या एका आजाराची आयांना फार धास्ती असे. वर्ष-दोन वर्षांचे हसतेखेळते मूल एकाएकी किरकिरे होई, भूक मंदावे, बारीक ताप राही, पोट फुगू लागे. डॉक्टरांनी पोट चाचपले की यकृताची कडक, धारदार कडा हाताला लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकदा काही महिन्यांत शेवट. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये या आजाराची नोंद केली होती. एकाच घरातली दोन-दोन भावंडे त्याने गेली. विषाणू म्हणावे, तर तो सापडेना. कुपोषण म्हणावे, तर खात्यापित्या घरांतली मुलेही आजारी पडत.

उलगडा झाला तो यकृताच्या एका इवल्याशा तुकड्यातून. सुईने काढलेला हा तुकडा ऑर्सिन नावाच्या रंगद्रव्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा पेशींमध्ये काळपट तपकिरी कण दाटलेले दिसले. तांबे साठल्याची ही खूण. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये या मुलांच्या यकृतातील वाढलेल्या तांब्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या ऊतीत तांबे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत असते. या मुलांमध्ये ते बहुधा ८०० च्या वर, कित्येकदा हजारावर असे.

पण एवढे तांबे आले कुठून? उत्तर स्वयंपाकघरात होते. डॉ. शीला भावे आणि सहकाऱ्यांनी आयांना बाळाच्या आहाराबद्दल बारकाईने विचारले. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले असे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई नसलेल्या भांड्यातले तांबे दुधात उतरते आणि दुधातल्या प्रथिनांना चिकटून बाळाच्या पोटात जाते. ते पित्तावाटे बाहेर टाकण्याची ताकद तान्ह्याच्या यकृतात पुरेशी नसते. आईच्या दुधात तांबे अगदी कमी, म्हणून अंगावर पिणारी बाळे सुरक्षित राहिली.

अर्थात शंका उरतेच. पितळेत दूध तापवणारी घरे असंख्य होती, मग सगळीच मुले आजारी का पडली नाहीत? काही मुलांत जन्मजात कमकुवतपणा असावा, असे तज्ज्ञांना वाटते. पण भांडी बदलली, आयांना समजावले गेले, तसा आजार ओसरला, एवढे खरे. शरीरातले तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध वेळेवर मिळालेली काही मुले वाचली. त्यांचा दीर्घकाळचा पाठपुरावा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

कारण न कळणाऱ्या यकृतदाहाची गोष्ट तिथेच संपत नाही. २०२२ मध्ये स्कॉटलंडपासून अमेरिकेपर्यंत अनेक देशांत लहान मुलांना अशीच गूढ कावीळ झाली, तेव्हाही यकृताचेच तुकडे तपासावे लागले. त्या वेळी संशयाची सुई विषाणूंकडे वळली. म्हणून मुलाची कावीळ हटत नसेल, तर झाडपाल्यात दिवस न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे जावे, आणि त्यांनी विचारले नाही तरी बाळाचे दूध कशात तापते तेही सांगावे.

हे दुखणे फक्त आपल्याकडचेच, असा समज बरेच दिवस होता. १९९६ मध्येच ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ भागाची माहिती पुढे आली. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळे हुबेहूब अशाच आजाराने दगावली होती. त्यांचे दूधही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापत असे.