पिल्लू नको, आधी आई बघा



मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची मुले गावी येतात आणि परत निघताना हट्ट धरतात, "आजी, एक पिल्लू नेऊ दे ना!" आजीचे मन विरघळते. खोक्याला भोके पाडली जातात आणि पिल्लू एस.टी.त बसते. यंदा ते खोके बांधण्याआधी माझी हकिकत ऐका.

माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील गिरणीत होते. १९८१ साली नाक्यावर एकजण टोपलीत रंगवलेली पिल्ले विकायला बसला होता. मी एक गुलाबी पिल्लू घेतले. दोन दिवस ते गॅलरीभर माझ्यामागे धावले. तिसऱ्या रात्री चपलांच्या खोक्यात ओरडून ओरडून ते गप्प झाले आणि सकाळी ताठ पडलेले दिसले. आपल्या हातून काय चुकले, हे कोडे मला कृषी महाविद्यालयात गेल्यावर सुटले.

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. ही शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. म्हणून उपाशी पिल्लूही सुरुवातीला तरतरीत दिसते आणि शिदोरी संपली की मान टाकते. शिवाय पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. रस्त्यावरची रंगीत पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीतले नर असतात. अंडी देत नाहीत म्हणून ती स्वस्तात विकली जातात.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि आम्ही गावी आलो. मी हिरमुसलेला पाहून आजीने खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. तिची पद्धत शास्त्राला धरूनच होती, तीच सांगतो.

अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली आणि आठवड्याच्या आतली घ्यावीत. कळपात कोंबडा हवाच. गावठी कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरतात. टोपलीत पेंढा घालून ती सावलीत, शांत जागी ठेवावी. दाणा-पाणी जवळच असावे. सातव्या-आठव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाका. २१ व्या दिवशी कवच फुटू लागते. घाईने कवच सोलू नका, पिल्लाला रक्तस्राव होतो.

आता लळ्याविषयी. पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलते-बोलते दिसेल, त्यालाच पिल्लू आई मानते. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने बदकवर्गातील पिल्लांवर याचा अभ्यास केला. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माझे गुलाबी पिल्लू माझ्यामागे धावत होते ते खेळ म्हणून नव्हे. ते आई शोधत होते आणि आईची ऊब माझ्याजवळ नव्हती.

तरीही शहरात पिल्ले पाळायचीच असतील तर एकटे पिल्लू नेऊ नका, दोन-तीन न्या. खोक्यात बल्ब लावा. पिल्ले बल्बाखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब जाऊन धापा टाकू लागली तर उष्णता जास्त आहे. दर आठवड्याला उष्णता दोन-तीन अंशांनी कमी करा. पिल्लांचे खाद्य आणि उथळ भांड्यात पाणी द्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लस डोळ्यात टाकून घ्या. आजारपणात परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १८८६ पासून या कामात आहे.

पण माझे ऐकाल तर यंदा वेगळे करा. मुले मेच्या आरंभी येणार असतील तर १५ एप्रिलला कोंबडी बसवा. ६ मेच्या सुमारास अंडी फुटतील. नातवंडांना ती रात्र जागू द्या. ओले पिल्लू आईच्या पंखाखाली शिरताना त्यांनी एकदा पाहिले, की खोक्याचा हट्ट बहुधा उरणार नाही. पिल्लाचे नाव मुलांनी ठेवावे. पिल्लू मात्र आईजवळ राहू द्यावे.