पचनसंस्था आणि मीठ-साखरेचे पाणी

लहान मुलाला जुलाब लागले की घरातील एखादे वडीलधारे माणूस हमखास सांगते, "त्याला पाणी देऊ नका, दिले की पुन्हा होते." हा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी घातक आहे. तो घातक का, हे समजण्यासाठी आपण खाल्लेल्या घासाचा प्रवास पाहू.

तोंडात दात घास बारीक करतात व लाळेमुळे पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू होते. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोड लागतो, तो यामुळेच. अन्ननलिकेतून घास जठरात उतरतो. तेथे हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिन प्रथिनांवर काम करू लागतात. (आपण "पित्त झाले" म्हणतो, तेव्हा जळजळते ते बहुधा हे आम्ल. खरे पित्त यकृतात तयार होते व पित्ताशयात साठते.)

पुढचे मुख्य काम लहान आतड्याचे. ते रुंदीने लहान, लांबीने मात्र सुमारे ६ मीटर. मोठे आतडे जेमतेम दीड मीटर भरते. येथे पित्तरस व स्वादुपिंडाचा रस अन्नात मिसळतात, पचन पूर्ण होते आणि आतड्याच्या आतील बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे अन्नरस शोषून रक्तात पोहोचवतात.

आता पाण्याचा हिशेब पाहा. प्रौढ माणूस दिवसाला साधारण २ लिटर पाणी पोटात घेतो, पण लाळ, जठररस, पित्त इत्यादी मिळून आणखी सुमारे ७ लिटर द्रव शरीर स्वतःच आतड्यात सोडते. यातील बहुतेक सर्व परत शोषले जाते. मलावाटे जाते ते फार तर २०० मिलिलिटर. पटकीसारख्या रोगात जंतूंच्या विषामुळे आतडे उलट पाणी व क्षार बाहेर ओतू लागते. अशा वेळी पाणी तोडले तरी जुलाब थांबत नाहीत, मूल मात्र कोरडे पडते.

परंतु एक दार तेव्हाही उघडे असते. आतड्यातील पेशी ग्लुकोज आत घेताना त्याच्यासोबत मिठातील सोडियमही घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, मीठ आणि साखर दोन्ही लागतात. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज व क्षारांचे पाणी तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीही केले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले; हा मान फार उशिरा मिळाला, असे मला वाटते.

ओआरएसचे पाकीट मिळाल्यास तेच वापरावे. नसल्यास उकळून थंड केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त झाल्यास अपाय होतो आणि साखर जास्त झाल्यास जुलाब वाढतात. मीठ घातलेली तांदळाची पेजही चालते, कारण तिच्यातील पिष्टाचे आतड्यात ग्लुकोजच होते. मुलाला चमच्याचमच्याने पाजावे. ओकल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, मूल सुस्त पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा व वाटेतही पाजणे चालू ठेवावे.