खिशातली नोट चुगली करत नाही

कटिंग प्यायलात, दहाची नोट टेकवलीत, विषय संपला. नोटेवर नंबर असतो खरा, पण ती कुणाच्या खिशातून कुणाच्या गल्ल्यात गेली, हे कुणी लिहून ठेवत नाही. तेच दहा रुपये यूपीआयने दिले, की तुमची बँक, चहावाल्याची बँक, ॲप, सगळीकडे नोंद!

मग डिजिटल रुपयाचं काय? १ डिसेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेने मुंबईसह चार शहरांत सामान्यांसाठी त्याची चाचणी सुरू केली. हा बिटकॉइनचा भाऊबंद नव्हे बरं का. हे खुद्द रिझर्व्ह बँकेचं चलन, फक्त कागदाऐवजी मोबाइलच्या वॉलेटमध्ये. छोट्या व्यवहारांना रोखीसारखी अनामिकता असावी, असं बँकेनेच आधी म्हटलं होतं. मे २०२४ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी उपायही सुचवले: कायदा करा किंवा व्यवहाराची नोंद कायमची पुसून टाका. ऐकायला झकास! पण २०२२ मध्ये कायदा बदलून डिजिटल नोटेला मान्यता दिली, तेव्हा तुमच्या खर्चाकडे कोण आणि कधी डोकावू शकतं, हे त्यात लिहिलं नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक घोषणा झाली होती. हा रुपया 'प्रोग्रॅम' करता येणार. म्हणजे कशासाठी खर्चायचा, किती दिवसांत, कुठल्या भागात, हे आधीच ठरवता येईल. सरकारी अनुदान योग्य जागी जावं, हा हेतू चांगलाच. पण उद्या स्कॉलरशिपचे पैसे असे आले आणि पुस्तकांच्या दुकानातच चालले, मेसच्या बिलाला नाही, तर? नोटेला असलं काही सांगता येत नाही, राव.

फसवणूक आणि काळा पैसा शोधायला माग हवाच, हे मान्य. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली आयुष्यभराची पुंजी गमावणाऱ्यांना विचारा. मुद्दा माग काढण्याचा नाही, कुणाच्या परवानगीने काढायचा याचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन आणायचं तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि गरजेपेक्षा जास्त ढवळाढवळ नको. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा केंद्राला देतो. तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्यही केंद्रच नेमणार. म्हणजे पंच आपल्याच टीमचा!

आमच्या मते, न्यायालयाच्या लेखी आदेशाशिवाय कुणाचंही वॉलेट उघडता कामा नये. चौकशीत काही सापडलं नाही, तर पाहणी झाली होती एवढं तरी त्या माणसाला नंतर कळवावं. आणि हे चाचणी सुरू आहे तोवरच कायद्यात यायला हवं. एकदा कोट्यवधी मोबाइलमध्ये हा रुपया खुळखुळायला लागला, की नियम बदलायची घाई कुणालाच नसेल.