चारात एक, दर बाळंतपणात

जबलपूरहून नर्मदेच्या उगमाकडे निघाले की मंडला आणि दिंडोरी हे गोंड-बैगांचे जिल्हे लागतात. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1984 मध्ये जबलपुरात जी संस्था उभी केली, तिच्या कामात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला मोठे स्थान आहे. पुढे 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. बोटातून रक्ताचा थेंब घेणे हे यातले सोपे काम आहे. त्या थेंबाचा अर्थ घरच्यांना नीट उमजणे अवघड आहे, आणि मोहिमेचे खरे यश त्यावरच अवलंबून आहे.

तो अर्थ आनुवंशिकतेच्या एका साध्या नियमात सामावलेला आहे. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यात एका अक्षराचा बदल झाला की हिमोग्लोबिनच्या 146 दुव्यांच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो. मग प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर माणूस रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. एकच बदललेली असेल तर तो वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहक एरवी निरोगी आयुष्य जगतो आणि तो पुढे कधी रुग्ण होत नाही, कारण जन्मतः मिळालेल्या प्रती बदलत नाहीत.

‘आमच्या घराण्यात हा आजार कुणालाच नव्हता, मग मुलाला कसा झाला?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर ग्रेगोर मेंडेलच्या वाटाण्यात आहे. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. पुढच्या पिढीत मात्र 5,474 गोल दाण्यांसोबत 1,850 सुरकुतलेले दाणे परतले. गुण नाहीसा झाला नव्हता, झाकला गेला होता. वाहकांच्या घरातही हेच घडते. जनुक कित्येक पिढ्या मुकाट चालत राहतो आणि दोन वाहक एकत्र आले की आजार दिसू लागतो. म्हणूनच सुनेला दोष देणे शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. मूल ‘एसएस’ होण्यासाठी वडिलांचीही एक प्रत लागतेच.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. दोन वाहकांचे मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते म्हटल्यावर ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप’ असे वाटू लागते. पण ही शक्यता दर बाळंतपणात नव्याने तेवढीच असते. पहिल्या मुलाचा हिशेब दुसऱ्याला लागू होत नाही. दोघेही वाहक असलेल्या शंभर जोडप्यांना प्रत्येकी चार मुले झाली, तर सुमारे 32 घरांत एकही रुग्ण नसेल, 42 घरांत एक असेल आणि 26 घरांत दोन किंवा अधिक असतील. एका घराला नशीब वाटते आणि दुसऱ्याला शाप, पण दोन्हींच्या मागे गणित एकच आहे.

मग वाहकांनी लग्नच करू नये, म्हणजे जनुक संपेल, असे कुणी म्हणेल. हा उपाय अन्यायकारक आहे, कारण वाहक असणे हा काही दोष नव्हे. वाहकाला घातक मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवले. मलेरियाच्या प्रदेशांत हा जनुक टिकून राहिला तो या उपयोगामुळे, कुणाच्या रक्तात खोट होती म्हणून नव्हे. तो जातही पाहत नाही. विदर्भात आदिवासींखेरीज इतर अनेक समाजांत तो आढळतो आणि ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावातही. त्या गावात 1970च्या सुमारास तपासणी झाली, सल्लाही दिला गेला. तरी वाहकांवर कलंक बसला, काहींनी निकाल लपवला आणि वाहक-वाहक लग्ने कमी झाली नाहीत. समाजाची समज न वाढवता नुसता शिक्का मारला की माणसे माहिती दडवतात, हा त्याचा धडा.

निर्मूलन करायचे आहे ते आजाराचे, वाहकांचे नव्हे. वाहकाचा जोडीदार ‘एए’, म्हणजे दोन्ही प्रती न बदललेला, असेल तर एकही मूल या आजाराचे रुग्ण होणार नाही. दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते, आणि तिच्या निकालानंतरचा निर्णय त्या दोघांचा असतो. रुग्ण बाळाचे निदान जन्मतःच झाले तर लसी, पेनिसिलिन आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया यांनी त्याचे आयुष्य सुसह्य होते. म्हणून हातात तपासणीचे कार्ड देताना त्या माणसाच्या बोलीत, गोंडीत असो वा मराठीत, निदान अर्धा तास समजावून सांगणारा समुपदेशक समोर असलाच पाहिजे. त्या अर्ध्या तासाची तरतूद मोहिमेने तपासणीच्या संचाइतकीच आवश्यक मानावी.