पेशी, व्हायरल लोड आणि पिशवीभर रिपोर्ट

एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना रोज एक तरी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी होते. साडीच्या दुकानातली जुनी पिशवी, आत रिपोर्टच रिपोर्ट. परवा एका ताईंच्या पिशवीत एचआयव्हीच्या एकाच तपासणीचे चार कागद निघाले. चार लॅब, चारही पॉझिटिव्ह. “गोळ्या चालू आहेत ना मॅडम, म्हटलं कधीतरी निगेटिव्ह येईल.” शिवणाचे साठवलेले पैसे त्यात गेले.

मैत्रिणींनो, निदान पक्कं झाल्यावर ही तपासणी पुन्हा करू नका. ती मुख्यतः शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते आणि ती औषधाने जात नाहीत. गोळ्या उत्तम लागू पडल्या तरी हा कागद पॉझिटिव्हच बोलणार.

दुसरी धास्ती ‘पेशीं’ची. सीडी-फोरला आमच्याकडे सगळ्या पेशीच म्हणतात. १ एप्रिल २००४ला सरकारची मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा गोळ्या कोणाला द्यायच्या हे बहुतेकदा पेशींच्या आकड्यावर ठरे. २०१७ पासून तसं नाही. निदान झालं की पेशी कितीही असोत, औषध सुरू. तरी सुरुवातीला पेशी मोजतातच. दोनशेच्या खाली असतील तर टीबी किंवा मेंदूज्वरासारखं दुखणं लपलंय का, हे लगेच बघावं लागतं. पण हा आकडा मोठा लहरी. साध्या तापाने, गरोदरपणात, सकाळ-संध्याकाळीही बदलतो. ६१० च्या ५४० झाल्या म्हणून जेवण टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात!

औषध लागू पडतंय का, हे खरं सांगते व्हायरल लोडची तपासणी. रक्तात विषाणू किती उरलाय, ते तिच्यात मोजतात. सरकारी केंद्रांतून २०१८ पासून ती मोफत मिळते. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्ष झाल्यावर आणि पुढे वर्षातून एकदा. आकडा हजाराच्या खाली असला की औषध काम करतंय.

आणि वर गेला तर? मागे एकीचा ४,३०० आला. “औषध बदलून द्या,” म्हणून ती रडायलाच लागली. डॉक्टरांनी बदललं नाही. मलाच तिच्याशी बोलायला सांगितलं. तासाभराने खरं बाहेर आलं. दिवाळीला नणंद माहेरपणाला आली होती, कपाट एकच, डबी कुणाला दिसायला नको म्हणून वीसेक दिवस गोळ्या बुडाल्या. घरात फक्त नवऱ्याला ठाऊक. मग आम्ही डबीवरचं लेबल काढलं, रात्री भांडी आवरल्यावरची वेळ ठरवली. तीन महिने नेमाने गोळी आणि पुन्हा तपासणी. विषाणू सापडला नाही. तेव्हा घाईने औषध बदललं असतं, तर चांगली चालणारी गोळी हातची गेली असती. नेमाने घेऊनही आकडा हजाराच्या वर राहिला, तर मात्र औषध बदलायचं बघतात.

बाकीच्या तपासण्या गोळीप्रमाणे. टेनोफोविर असेल तर मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, झिडोव्हुडिन असेल तर हिमोग्लोबिन. कोणी लांबलचक यादी हातात दिली, तर “यातून माझ्या औषधात काय ठरणार?” असं विचारायला लाजू नका. आणि तुमच्या संमतीशिवाय रिपोर्टची वाच्यता करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, मग विचारणारी सासू का असेना.

गरोदर असाल तर बत्तीस ते छत्तीस आठवड्यांत व्हायरल लोड झालाय ना, बघा. बाळाच्या अंगात आईची प्रतिपिंडं दीड वर्षापर्यंत असू शकतात, त्यामुळे त्याची साधी तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून हाय खाऊ नका. सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताच्या थेंबांतून थेट विषाणू शोधतात. ती तारीख चुकवू नका. काही अडलं तर १०९७ वर फोन लावा, पैसे पडत नाहीत.